वाघ्याचे अप्पा

नरक चतुर्दशीच्या पहाटे सव्वापाच वाजता, अंगभर तेल चोपडून मी उटण्याची वाटी शोधत होतो, तेवढ्यात वरच्या मजल्यावरून अप्पांचा फोन आला.

"वर ये. आत्ताच्या आत्ता. तो आडवा झालाय."

सणाच्या पहाटे असा फोन आला की पोटात गोळा येतो. पण वरच्या घरात राहतात दोघंच, अप्पा आणि काकू. 'तो' म्हणावं असं तिसरं कुणी तिथे नाही. अर्ध्या जिन्यात माझ्या डोक्यात प्रकाश पडला, पण आता परत फिरणं बरं दिसलं नसतं. टॉवेल सावरत, लादीवर तेलाची पावलं उमटवत वर गेलो. दार उघडंच होतं.

हॉलमध्ये चार फुटी काचेची टाकी. तळाशी वाघ्या एका कुशीवर पडलेला. चांगला फूटभर लांब, काळ्या अंगावर केशरी पट्टे, शेपटीच्या मुळाशी केशरी कडेचा काळा ठिपका. वरचा डोळा छताकडे. चेहरा वाटणीत मागची खोली मिळालेल्या थोरल्या भावासारखा. टाकीसमोर अप्पा, बनियनवर, हातात टॉर्च, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा.

"कल्ले बघ. मिनिटाला किती वेळा हलतात मोज. मी घड्याळ लावतो."

मी मोजले. "चौऱ्याऐंशी."

"मघाशी ब्याऐंशी होते," अप्पा वहीत आकडा टिपत म्हणाले, "तू आल्यावर वाढले."

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, त्याला आंघोळ तरी करू द्या आधी." त्या माझ्याबद्दल बोलत होत्या. या घरात हे स्पष्ट करावं लागतं.

आमच्या नौपाड्यातल्या जुन्या इमारतींत दर इमारतीमागे असा एक माणूस असतोच. डॉक्टर नाही, कंपाउंडर नाही, औषधाच्या दुकानाशीही संबंध नाही. पण दुसऱ्याला शिंक आली की याचा चेहरा उजळतो. अप्पांनी एका बँकेत छत्तीस वर्षं लेजरं सांभाळली आणि निवृत्त झाले त्या दिवसापासून इमारतीची तब्येत हाती घेतली. घरात बीपीचं मशीन, वाफेचं मशीन, कमरेचे पट्टे तीन मापांत, आणि गरम पाण्याच्या रबरी पिशव्या दोन, एक पाहुण्यांसाठी. लिफ्टमध्ये भेटले की तळमजला ते तिसरा मजला एवढ्या वेळात जीभ, डोळ्यांची खालची पापणी आणि पोट साफ होतं का, एवढं त्यांचं उरकतं.

याचा परिणाम असा, की आमच्या इमारतीत लोक दार लावून खोकतात. मी उशीत तोंड खुपसून खोकतो, कारण माझी बेडरूम अप्पांच्या हॉलखाली आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांना कावीळ झाली, तेव्हा त्यांनी अप्पांना पत्ता लागू न देता परस्पर ॲडमिट होऊन, बरे होऊन, घरी येऊन दाखवलं. अप्पा त्यांच्याशी महिनाभर बोलले नाहीत. "एवढा शेजारधर्म आपला," ते मला म्हणाले, "आणि माणूस कावीळ चोरून काढतो!"

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. कोविडच्या दुसऱ्या लाटेत हाच माणूस एकुलता एक ऑक्सिमीटर घेऊन बावीस घरांच्या दारात सकाळ-संध्याकाळ उभा राहत होता. दारावर टकटक, बोट बाहेर, आकडा वहीत. दोन जणांचे आकडे घसरताना त्यांच्या घरच्यांच्या आधी अप्पांच्या लक्षात आले आणि ती दोन माणसं आज बागेत हास्यक्लबात हसतात. अप्पांचं तेवढं वर्ष सोन्याचं गेलं. मग साथ ओसरली, बोटं आत गेली, आणि 'काय, कसं काय?' या प्रश्नाला सगळी इमारत 'मजेत' असं एका सुरात उत्तर देऊ लागली. मजेत असलेल्या माणसाचं काय करायचं, हे अप्पांना कधीच कळलेलं नाही.

अशा वेळी मे महिन्यात बंगळूरहून नातू आला, मासे पाहिजेत म्हणून हटून बसला, आणि आजोबा त्याला क्रॉफर्ड मार्केटला घेऊन गेले. दुकानदाराने दोन इंचाचं एक चिमणं पिल्लू पिशवीत घालून दिलं. "टायगर ऑस्कर है." हा मोठा किती होतो, असं अप्पांनी विचारल्यावर तो म्हणाला, "टँक के हिसाब से." या व्यवसायातली ही सर्वांत जुनी थाप. ऑस्कर हा अमेझॉनच्या खोऱ्यातला मासा, टाकीकडे बघून आपली उंची ठरवत नाही. वर्षभरात तो फुटावर गेला. नातू तर जूनमध्येच शाळेला गेला होता. त्याने ठेवलेलं 'वाघ्या' हे नाव आणि वाघ्या मागे राहिले. दोन फुटी टाकी जाऊन चार फुटी आली. तीत अडीचशे लिटर पाणी मावतं. काच, दगड, लोखंडी स्टँड धरून तीनशे किलोच्या वर वजन होतं. हे मला पाठ आहे, कारण ते सगळं माझ्या पलंगाच्या बरोबर वर आहे.

काकू म्हणतात, अप्पांना माशांचं हे आधीपासूनच होतं. लहानपणी वडिलांनी त्यांना मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय दाखवायला नेलं होतं. १९५१ साली सुरू झालेलं ते मत्स्यालय तेव्हा मुंबई बघायला आलेल्या प्रत्येक कुटुंबाच्या यादीत राणीच्या बागेइतकंच वर असे. बाकीची मुलं कासवाकडे बोट दाखवत असताना अप्पांनी वडिलांना विचारलं, "हे आजारी पडले तर?" वडील म्हणाले, "तर नवीन आणतात." ते उत्तर अप्पांनी वडिलांना अजून माफ केलेलं नाही.

वाघ्या घरात आला आणि अप्पांना हवा तसा रोगी मिळाला. 'मजेत' म्हणत नाही. दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायला जात नाही. लिफ्टऐवजी जिन्याने जात नाही. माशाला पापण्या नसतात, त्यामुळे तो झोपला तरी डोळे उघडेच. पहिल्या आठवड्यात अप्पांनी त्याला निद्रानाश ठरवला होता. वाघ्याही काही कमी नव्हता. ऑस्कर माणसं ओळखतो. अप्पा आले की काचेला नाक लावायचा, काकू आल्या की शेपूट हलवत तोंड पाण्याबाहेर काढायचा, मी गेलो की पाठ फिरवायचा. अप्पांच्या वहीत याचीही नोंद आहे: 'खालच्या मजल्यावरील इसमाबद्दल नापसंती.'

तर, पहाटेची गोष्ट. हा वाघ आडवा का झाला?

झालं होतं असं, की वसुबारसेच्या आदल्या दिवशी काकूंनी घराची साफसफाई काढली. भांडी खाली, माळे रिकामे, पडदे भिजत. घर लख्ख होतंय आणि टाकी तेवढी मळकट, हे अप्पांना बघवेना. त्यांनी वाघ्याला झाकणाच्या ड्रममध्ये ठेवलं, टाकीतलं सगळं पाणी बादल्या-बादल्यांनी बाथरूममध्ये ओतलं, काचा घासल्या, दगड काथ्याने चोळले, आणि फिल्टरमधला स्पंज काढून नळाच्या धारेखाली धरला. पिळला, परत धरला, परत पिळला. काळंकुट्ट पाणी जायचं थांबलं तेव्हा कळलं की तो स्पंज मुळात निळा होता. मग नळाचं ताजं पाणी भरलं. क्लोरीन मारायला हायपोचे खडे टाकले, पण अंदाजाने. आणि वाघ्याची अर्धी फुटकी मातीची कुंडी, जी पहिल्यापासून डाव्या कोपऱ्यात असायची, ती उजवीकडे ठेवली. तिकडे आकाशकंदिलाचा उजेड छान पडत होता. मी स्वतः वर जाऊन 'अगदी शोरूममधून आणल्यासारखी दिसतेय' असं म्हणालो होतो. हे मी लपवून ठेवत नाही.

वाघ्या त्याच रात्री गप्प झाला. तिसऱ्या पहाटे आडवा.

पुढचे आठ दिवस अप्पांच्या आयुष्यातले, कोविडनंतरचे, सर्वांत भरगच्च दिवस होते. पहिल्या दिवशी मीठ टाकलं. तोवर ठीक होतं. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. सकाळी त्यांनी मिथिलीन ब्लूची बाटली आणली, थेंब मोजता मोजता हात हलला, आणि बाटलीभर निळाई टाकीत गेली. संध्याकाळी दिवे लागले तेव्हा टाकीतल्या ट्यूबचा उजेड त्या पाण्यातून सगळ्या हॉलभर पसरला. भिंती निळ्या, पाट निळा, लाह्या-बत्तासे निळे. काकूंनी लक्ष्मीला हळदकुंकू वाहिलं तर ते जांभळं दिसलं. अप्पांचे हात कोपरापर्यंत निळे, आणि तो रंग साबणाने जात नाही. भाऊबीजेला त्यांच्या धाकट्या बहिणीने ओवाळायला निरांजन उचललं आणि विचारलं, "दादा, मतदान करून आलास की मतमोजणीही केलीस?"

निळ्या पाण्यात वाघ्या दिसेना, म्हणून टॉर्च मोठी आली. त्याला थंडी वाजत असेल म्हणून हीटर तीसवर गेला. लसूण ठेचून खाण्याच्या गोळ्यांना चोळला गेला. वाघ्याने तो खाल्ला नाही, टाकीत तो तसाच कुजला. दर तासाला कल्ल्यांची मोजणी. वहीत एका नोंदीपुढे लाल शाईने: 'रात्री २.४०. रुग्णाने माझ्याकडे पाहिले.'

एका ओळखीतून अप्पांनी जनावरांच्या डॉक्टरना फोन लावला. मी समोरच बसलो होतो. पलीकडून विचारणा झाली, कुत्रा की मांजर? अप्पांनी सांगितलं. पलीकडे जरा शांतता पसरली आणि मग उत्तर आलं, "घेऊन या." अप्पांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "हा माणूस कधी पाण्याजवळ गेलेला नाही." मग वर्सोव्याला १९६१पासून मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्था आहे, तिथल्या शास्त्रज्ञांनाच दाखवू, असा बेत निघाला. ठाण्याहून वर्सोवा, ड्रम, ड्रममध्ये मासा, टॅक्सीत अप्पा. काकू पणत्या पुसता पुसता म्हणाल्या, "घोडबंदर रोडच्या खड्ड्यांतून? त्यापेक्षा इथेच राहू दे त्याला बिचाऱ्याला."

समाचाराला येणाऱ्यांची मात्र रीघ लागली. फराळाला आलेला प्रत्येक जण सोफ्यावर बसायच्या आधी टाकीसमोर उभा राहून तोंड पाडायचा. पहिल्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "घरावरचं संकट मासा आपल्या अंगावर घेतो म्हणतात. गेला तर वाईट वाटून घेऊ नका, सुटलात समजा." पुष्कळ घरांत हा समज आहे, आणि मासे विकणारेही तो खोडून काढत नाहीत, कारण एक गेला की दुसरा विकता येतो. अप्पा मात्र भडकले. "आजी, माझ्या घरावर कसलंही संकट नाही. जे आहे ते त्याच्यावर आहे, आणि ते घरानेच आणलंय." रागाच्या भरात ते किती खरं बोलून गेले, हे त्यांना तेव्हा कळलं नव्हतं.

मग अमोनिया मोजायची किट आली. काचेच्या नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, दोन बाटल्यांतले थेंब टाकायचे, हलवायचं आणि थोड्या वेळाने रंग बघायचा. पिवळा तर अमोनिया नाही, हिरवट होत गेला तर तितका वाईट. सोबत रंगांचं कार्ड. अप्पांनी नळी खिडकीच्या उजेडात धरली आणि मला विचारलं, "हा पिवळा की हिरवा?" मी म्हटलं, मधला. ते म्हणाले, मधला असा रंग नसतो. मिथिलीन ब्लूमुळे सगळंच निळसर, कार्डावरचा एकही चौकोन जुळेना. तेवढ्यात काकू हात पुसत आल्या, नळीकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "हा शेवाळी आहे."

साड्यांच्या दुकानात चाळीस वर्षं घालवलेल्या बाईच्या डोळ्यांपुढे कार्ड काय टिकणार! तेव्हापासून वहीत अमोनियाच्या रकान्यात आकड्यांऐवजी काकूंचे रंग आहेत: शेवाळी, शेवाळी, गडद शेवाळी.

त्या आठ दिवसांतल्या रविवारी आणखी एक प्रकार झाला. वाघ्या आडवा झाल्यापासून अप्पांनी घरात मासे शिजवायला बंदी केली होती. 'घरात आजारी आहे आणि तुम्हाला सुरमई सुचते?' काकू मालवणच्या. श्रावण पाळतात, पण श्रावण संपतो हे त्यांना माहीत असतं. रविवारी अकराला त्या वाटण, कोकमं आणि पिशवीतली सुरमई घेऊन आमच्याकडे खाली आल्या. "तुझ्या ओट्यावर करते गं," माझ्या बायकोला म्हणाल्या. साडेबाराला कालवणाचा वास जिन्यातून वर गेला असणार. एकला दारात अप्पा. "कुणाला बरं नाही का, बघायला आलो," म्हणाले, आणि पाट ओढून बसले. पहिला घास घेताना थोडे थांबले, मग स्वतःशीच म्हणाले, "ही समुद्रातली. तो अमेझॉनचा, गोड्या पाण्यातला. यांची भेट होणं शक्य नाही." तीन तुकड्या खाल्ल्या. वर जाताना दोनदा साबणाने हात धुतले, त्याला वास येऊ नये म्हणून.

शेवटी सोमवारी बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन अप्पा क्रॉफर्ड मार्केटला गेले. मला सोबत नेलं, साक्षीदार म्हणून. थापा मारणारा दुकानदार नव्हता. विशी-बाविशीचा एक मुलगा टाक्यांतून नळ्या ओढत होता. अप्पांनी वही उघडली आणि दहा मिनिटं केस वाचून दाखवली. मुलाने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. मग विचारलं, "अंकल, बीमार होने के पहले पानी कितना निकाला था?"

"पूरा," अप्पा अभिमानाने म्हणाले.

"और स्पंज?"

"धोया. नल के नीचे. एकदम साफ."

मुलाने हातातली नळी खाली ठेवली. "अंकल, सफाई के चक्कर में आपने सफाईवालों कोच भगा दिया."

त्याने सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. मासा कल्ल्यांतून सारखा अमोनिया बाहेर टाकतो. नदीत तो वाहून जातो. टाकीत तो माशाचेच कल्ले जाळतो. स्पंजावर आणि दगडांवर जो बुळबुळीत थर जमतो, त्यात या अमोनियावर जगणारे जिवाणू असतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, तेही विषारीच. दुसरी जात त्याचं नायट्रेट करते, ते पाणी थोडं थोडं बदलत राहिलं की सोसतं. ही सगळी वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो. अप्पांनी ती दिवाळीच्या मुहूर्तावर क्लोरीनच्या धारेखाली धरून मोरीत सोडली. त्यावर मिथिलीन ब्लू टाकून उरलेसुरले मारले. त्यावर हीटर वाढवला: गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो आणि अमोनियाचा विषारी भाग वाढतो. म्हणजे वाघ्याचा गळा एकाच बाजूने, पण निरनिराळ्या औषधांनी, आवळला जात होता.

अप्पांना हे एका क्षणात कळलं, आणि ते आपल्या भाषेत कळलं. "म्हणजे चेक रोज येताहेत," ते हळूच म्हणाले, "आणि क्लिअरिंगचा सगळा स्टाफ मी काढून टाकलाय."

उपचार ऐकताना मात्र त्यांचा चेहरा उतरत गेला. औषध बंद. हीटर हळूहळू सव्वीसवर. खाणं चार दिवस बंद. दिवा बंद, काचेवर चादर. हवेचा पंप जोरात. रोज फक्त पाव टाकी पाणी बदलायचं, बादलीत हायपो मोजून टाकून. आणि बाकी वेळ, "उसको देखना मत." हे शेवटचं पथ्य खरं तर अप्पांचंच होतं.

"औषध काहीच नाही?" त्यांनी कळवळून विचारलं. तेव्हा त्या मुलाने आपल्या सर्वांत जुन्या टाकीच्या फिल्टरमध्ये हात घातला आणि एक स्पंज बाहेर काढला. काळा, लिबलिबीत, गटारातून आणल्यासारखा वास. लाडू त्याने कागदावर काढून घेतले, स्पंज टाकीच्याच थोड्या पाण्यासकट त्याच डब्यात ठेवला आणि सांगितलं, सुकू द्यायचा नाही, आणि झाकण घट्ट लावायचं नाही, त्यांना हवा लागते. डबा काकूंच्या माहेरचा, स्टीलचा, झाकणावर त्यांचं लग्नाआधीचं नाव कोरलेला.

संध्याकाळी सहाची ठाणे स्लो. सीएसएमटीलाच आम्हाला उभं राहायला जेमतेम जागा मिळाली. भायखळ्याला अप्पांच्या पोटाशी धरलेला डबा बघून बसलेल्या एका तरुणाने विचारलं, "काय काका, फराळ का?"

"नाही," अप्पा म्हणाले, "बॅक्टेरिया."

तरुण हसला. मग किलकिल्या झाकणातून वास आला आणि हसायचा थांबला. "चांगले आहेत, पण जिवंत राहिले पाहिजेत," अप्पांनी खुलासा केला आणि झाकण आणखी थोडं उघडून त्याला दाखवलं. दादरला तो उतरला. त्याला मुलुंडला जायचं होतं असं त्याच्या मित्राच्या हाकांवरून वाटलं. कुर्ल्याच्या आत समोरासमोरची दोन्ही बाकडी मोकळी झाली. संध्याकाळच्या स्लो लोकलमध्ये मी खिडकीत पाय पसरून बसलो, हे घरी सांगितलं तर कुणी मानत नाही. अप्पा मात्र पुढे कित्येक दिवस सांगत होते, "लोक काही म्हणोत, हल्लीची मुलं म्हाताऱ्यांना मान देतात."

तो घाण स्पंज त्यांनी आपल्या लख्ख फिल्टरमध्ये बसवला तेव्हा त्यांचा हात थरथरत होता. मग सुरू झालं खरं पथ्य. वाघ्या चादरीआड पडून राहिला आणि अप्पा सोफ्यावर. रोज एक पाव टाकी पाणी. निळं पाणी आधी आकाशी झालं, मग काचेच्या बाटलीसारखं, मग पाण्यासारखं. काकूंची नळी शेवाळीवरून पोपटीवर आली, पोपटीवरून कोवळ्या कैरीच्या सालीवर. मधे एक दिवस नायट्राइट वर गेलं, त्या रात्री अप्पा जेवले नाहीत. बाराव्या दिवशी काकूंनी नळी बघून जाहीर केलं, "लिंबोणी." अमोनिया संपला होता. खाण्याची गोळी टाकली तर वाघ्याने ती गिळली.

आणि पुन्हा जाऊन आडवा झाला.

आता अप्पांचे हात टेकले. पाणी बरोबर, श्वास बरोबर, रंग परत आलेला, अंगावर एक ठिपका नाही, खवले नीट बसलेले. आणि तरी हा कुशीवर. "मानसिक आहे," ते मला म्हणाले. त्यांच्या तोंडून 'मला कळत नाही' या अर्थाचं वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी अप्पा बँकेत गेले. नोव्हेंबर होता, पेन्शनरांनी आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायचा महिना. ते रांगेत उभे असताना काकूंनी चादर बाजूला केली, बाही वर खोचली आणि मोठ्या झाऱ्याने ती फुटकी कुंडी सरकवत सरकवत उजव्या कोपऱ्यातून परत डाव्या कोपऱ्यात, तिच्या जुन्या जागी आणली. वाघ्या पाच मिनिटं बघत राहिला. मग उठला. कुंडीभोवती एक फेरी मारली, तोंडाने तिला दोन धक्के देऊन हवी तशी वाकडी केली, तिच्यामागे गेला, बाहेर आला, आणि काकूंच्या हाताशी येऊन तोंड पाण्याबाहेर काढलं.

ऑस्कर पाळणाऱ्यांना हे ठाऊक असतं. घरातलं सामान हलवलं की हा मासा रुसतो आणि कुशीवर पडून राहतो. अमोनिया त्याला झाला होता तो झालाच होता. पण पहिल्या रात्री तो गप्प झाला तो कुंडीसाठी.

"तुम्हाला आधीपासून माहीत होतं?" मी काकूंना विचारलं.

"माहीत कसलं? लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी माझी ट्रंक माळ्यावर टाकली होती. मीही आठवडाभर जेवले नव्हते. बोलू नकोस त्यांना."

अप्पा दुपारी आपण जिवंत असल्याचं सिद्ध करून परत आले, तर वाघ्या काचेला नाक लावून उभा. त्यांनी चप्पलही काढली नाही. सोफ्यावर बसले, चष्मा पुसला, परत पुसला, आणि वहीत लिहिलं: 'उपचारांना यश.' त्याखाली तारीख, आणि बँकेतली जुनी लफ्फेदार सही. मी आणि काकू एकमेकांकडे न बघता चहा प्यायलो.

याला आता दोन महिने झाले. वाघ्या ठणठणीत आहे, आठवड्याला चतुर्थांश पाणी, स्पंज फक्त टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळायचा, कुंडीला हात लावायचा नाही. पण अप्पा खंगत चाललेत. सकाळी दहापर्यंत वहीतलं काम संपतं. परवा मी उशीत खोकलो तरी रात्री अकराला दारावर टकटक झाली. दारात अप्पा, हातात वाफेचं मशीन. "कोरडा आहे," म्हणाले, "वर ऐकू आला." मला त्यांचं वाईट वाटलं, आणि माझंही.

म्हणून हे लिहितोय. ठाणे, मुलुंड, डोंबिवलीपर्यंत कुणाचा मासा आजारी असेल, कुशीवर पडला असेल, नुसता उदास दिसत असेल, तरी निःसंकोच कळवा. अप्पा घरी येऊन बघतात. फी नाही. पाणी तपासायची किट आणतात, रंग ठरवायला काकूंना फोन लावतात, आणि मुरलेला स्पंजही देतात. डबा मात्र तुमचा लागेल. काकू आता देत नाहीत.